सॅक किती वेळा उचलायची?

मुंबईहून कोकण रेल्वेने निघायचं, मालवण, पणजी आणि गोकर्ण करत किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला सरकायचं, मग घाट चढून हुबळीमार्गे हंपी गाठायची. परतताना बदामी आणि विजापूर पाहून सोलापूरला यायचं आणि पुण्या-मुंबईकडे जाणारी गाडी पकडायची. एकाच वाटेने दोनदा न जाता पुरी होणारी ही फेरी महाराष्ट्रातून पाठीवर सॅक टाकून निघणाऱ्यांसाठी कुणी मुद्दाम आखून ठेवावी अशी आहे. समुद्र, जंगल, नदी, लेणी, देवळं, घुमट असं सगळं तिच्यात येतं आणि स्वतःची गाडीही लागत नाही. रेल्वे, एसटी, कर्नाटकच्या सरकारी बस आणि रिक्षा एवढ्यावर भागतं.

बिघडतं ते हिशेबात. नोकरी करणाऱ्याला पाच दिवसांची रजा मिळते, तिच्या दोन्ही बाजूंना शनिवार-रविवार जोडले की नऊ दिवस होतात, आणि मग सहाही ठिकाणं त्या नऊ दिवसांत बसवायचा मोह होतो. मालवण एक दिवस, गोवा दीड, गोकर्ण एक, हंपी दोन, बदामी एक, विजापूर अर्धा. कागदावर सगळं नीट बसतं. प्रत्यक्षात सहाव्या दिवशी माणूस हंपीच्या विठ्ठल मंदिरातल्या दगडी रथासमोर उभा राहतो आणि त्याचे डोळे सावली शोधत असतात. पन्नास रुपयांच्या नोटेवर छापलेला तो रथ पाहायला एवढ्या लांब यायचं आणि फोटो काढून दहा मिनिटांत निघायचं, ही खरोखर वाईट वाटण्यासारखी गोष्ट आहे.

म्हणून बेत आखताना ठिकाणं मोजायच्या आधी एक वेगळा आकडा मोजावा. सॅक किती वेळा भरायची आणि उचलायची? मुक्काम बदलणं म्हणजे दोन गावांमधलं अंतर एवढंच नसतं. सकाळी उठून वाळत घातलेले कपडे गोळा करायचे, सॅक भरायची, हिशेब चुकता करायचा, स्टँड गाठायचा, बसची वाट पाहायची. उतरल्यावर रिक्षा, खोली पाहणं, पसंत पडली नाही तर दुसरी पाहणं, आंघोळ, जेवणाची जागा शोधणं. मालवण ते पणजी नकाशावर अगदी शेजारी दिसतं. पण मालवणहून एसटीने कुडाळ, तिथून रेल्वेने थिवी किंवा करमळी आणि मग पुन्हा बसने पणजी असं केलं, की सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाची वेळ टळून गेल्यावर खोलीत टेकतो. एवढ्या धावपळीनंतर उरलेली संध्याकाळ 'अर्धा दिवस' म्हणून बेतात मांडणं चूक आहे. मुक्काम बदलण्याच्या दिवशी पाहायचं काही ठेवूच नये. जे दिसेल ते वरकड.

यातूनच दिवसांऐवजी रात्री मोजायची पद्धत येते, आणि पाठपिशवीच्या प्रवासात तीच खरी उपयोगाची. एका गावात एक रात्र राहिलं तर तिथे पूर्ण असा एकही दिवस मिळत नाही. दोन रात्रींना एक पूर्ण दिवस मिळतो, तीन रात्रींना दोन. म्हणजे मुक्काम दोनाचा तीन केला की रात्र एकच वाढते, पण हातात येणारे दिवस दुप्पट होतात.

नव्या जागी पहिल्या रात्री नीट झोप लागत नाही, हा अनुभव सगळ्यांचा आहे, आणि त्याला शरीरात कारणही आहे. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं आढळलं, की अनोळखी ठिकाणी पहिल्या रात्री मेंदूचा डावा अर्धगोल उजव्याइतका गाढ झोपत नाही. बारीकशा आवाजालाही तो प्रतिसाद देत राहतो. रोज रात्री नवं गाव म्हणजे रोज रात्री ही अर्धवट पहाऱ्याची झोप. आठवडाभर असं झालं तर पाय थकायच्या आधी डोकं थकतं.

मग या फेरीला द्यायच्या तरी किती रात्री? घाई न करता पुरी करायची तर गाडीतल्या रात्री सोडून चौदा. मालवणला तीन, पणजीत दोन, गोकर्णात तीन, हंपीला चार, बदामीला दोन. विजापूरला मुक्काम न करता दिवसभर थांबायचं आणि रात्रीची गाडी धरायची. एवढी रजा नसेल तर रात्री कापू नयेत, गावं कापावीत. बारा रात्री असतील तर गोवा वगळावा, कारण महाराष्ट्रातून गोव्याला पुन्हा जाणं सोपं आहे. आणि नऊच दिवस असतील तर फेरीचा मोह सोडून तिचे सरळ दोन तुकडे करावेत. एका सुट्टीत मालवण आणि गोकर्ण, पुढच्या सुट्टीत विजापूर, बदामी आणि हंपी. विजापूर, बागलकोट, बदामी, गदग ही गावं सोलापूरकडून येणाऱ्या एकाच रेल्वेमार्गावर आहेत, त्यामुळे दुसरा तुकडा स्वतंत्रपणे करायलाही सोयीचा आहे.

समुद्र आधी की दगड आधी, हा प्रश्न वाटतो त्याहून महत्त्वाचा आहे. बहुतेकांचा कल विश्रांती शेवटी ठेवण्याकडे असतो: आधी सगळं पाहून घेऊ, मग किनाऱ्यावर पडून राहू. त्यात तोटा असा, की विश्रांतीचे दिवस नुसता थकवा भरून काढण्यात जातात आणि पाहण्याचे दिवस ऑफिसचा शीण अंगात असताना उरकले जातात. घरून निघालेल्या माणसाचे पहिले दोन दिवस तसेही झोप भरून काढण्याचे असतात. ते मालवणात काढावेत. गोकर्णातून निघेपर्यंत पायांना वाळूतून आणि टेकड्यांवरून चालायची सवय झालेली असते, आणि हंपी ताज्या डोळ्यांनी पाहता येते. फक्त फेब्रुवारी उलटून निघत असाल तर हा क्रम बदलावा. हंपी आणि बदामीचे दगड मार्चपासून तापू लागतात; एप्रिल-मेमध्ये तिथला पारा चाळिशी गाठतो. अशा वेळी सोलापूरकडून आत शिरावं, दगड आधी पाहून घ्यावेत आणि उन्हाने कातावण्याआधी किनाऱ्याला उतरावं.

मालवणला तीन रात्री म्हटल्यावर अनेकांना जास्त वाटतात. मालवणच्या किनाऱ्यासमोर कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग किल्ला, त्यातलं राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वर मंदिर, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी, हे सगळं होडीने जाऊन एका सकाळीत पाहून होतं. मग बाकीचं काय? बाकीचं म्हणजे किनाऱ्यावर रापण ओढली जाताना उभं राहणं, जेवून झोपणं, तारकर्लीच्या वाळूतून संध्याकाळी चालत जाणं. इथे एक गल्लत फार होते. मोकळा दिवस ठेवला की तो स्कूबा, स्नॉर्केलिंग, डॉल्फिनची फेरी, खाडीतली होडी असल्या गोष्टींनी भरून टाकला जातो. या गोष्टी जरूर कराव्यात, पण त्या पाहण्याच्या खात्यात धराव्यात. सकाळी सातला तयार राहायला लागणारी कोणतीही गोष्ट विश्रांती नव्हे. तीन रात्रींतून दोन दिवस मिळतात: एक किल्ल्याचा आणि पाण्याचा, एक काहीच न ठरवलेला. पावसाळ्यात किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या बंद असतात, त्यामुळे जून ते ऑगस्टमध्ये मालवण निव्वळ विश्रांतीचं गाव होतं.

याच संदर्भात एसटीच्या 'आवडेल तेथे कोठेही प्रवास' या पासाबद्दल सांगायला हवं. चार दिवसांचा आणि सात दिवसांचा असा तो मिळतो, आणि कोकणात गावोगाव हिंडायचं असेल तर उत्तमच आहे. पण पास खिशात आला की तो वसूल करायची इच्छा होते, आणि एका जागी बसून राहणं नुकसानीचं वाटायला लागतं. जो प्रवासी मालवणला तीन रात्री राहणार आहे त्याने साधी तिकिटं काढावीत.

पणजी दोन रात्रींत होते. एका सकाळी जुन्या गोव्यातलं बॉम जेझूस चर्च. १६०५ मध्ये पूर्ण झालेलं, आणि फ्रान्सिस झेवियर यांचं शव जिथे ठेवलं आहे तेच. तिथूनच जवळच्या धक्क्यावरून दिवाडी बेटावर फेरीबोट जाते. पायी जाणाऱ्याला तिकीट लागत नाही. पलीकडे शेतं, जुनी घरं आणि शांत रस्ते आहेत. चर्च पाहून झाल्यावर दुपार तिथे घालवणं हा त्या दिवसाचा समतोल साधायचा सोपा उपाय. फोंतेन्यास ही पणजीतली जुनी वस्ती संध्याकाळी, उन्हं उतरल्यावर. नाताळ ते नववर्षाच्या आठवड्यात मात्र गोवा या फेरीतून वगळलेलाच बरा. गर्दीत खोल्या महाग होतात, रस्ते तुंबतात आणि दोन दिवसांचे चार होतात.

गोकर्ण हे या फेरीतलं विसाव्याचं मुख्य ठाणं. गावात महाबळेश्वराचं देऊळ आणि कोटितीर्थ. रावणाने आणलेलं आत्मलिंग गणपतीने इथे जमिनीवर ठेवलं ही कथा मराठी घरांतही सांगितली जाते. गावाबाहेर दक्षिणेला कुडले, ओम, हाफ मून आणि पॅराडाइज असे किनारे टेकड्यांच्या पायवाटेने एकमेकांना जोडलेले आहेत. शेवटच्या दोन किनाऱ्यांना गाडीरस्ता नाही, चालत किंवा होडीने जावं लागतं. याचा फायदा असा, की पाहणं आणि पडून राहणं इथे एकाच दिवसात सहज मावतं. सकाळी ऊन चढायच्या आत टेकडीवरून चालावं, दुपारी सावलीत बसावं, संध्याकाळी होडीने परतावं. खोली कुडलेला घेतली तर गावही चालत जाण्याइतकं जवळ राहतं. महाशिवरात्रीला गोकर्णात मोठा रथोत्सव होतो. तो पाहायचा असेल तर त्या बेतानेच यावं, विश्रांतीच्या अपेक्षेने त्या आठवड्यात येऊ नये.

पैशांचा एक मुद्दा इथेच. पाठपिशवीचा प्रवास म्हणजे सगळीकडे स्वस्तातली खोली असा समज असतो. त्यापेक्षा जिथे नुसतं झोपायला यायचं आहे तिथे साधी खोली घ्यावी, आणि जिथे दुपारभर थांबायचं आहे, म्हणजे मालवण, गोकर्ण आणि हंपीला, तिथे हवा खेळेल, बसायला ओसरी असेल अशी थोडी बरी जागा पाहावी. दुपारी खोलीत बसवेना झालं की माणूस उन्हात बाहेर पडतो आणि सगळा बेत कोलमडतो. तीन-चार रात्री राहणार म्हटल्यावर भाडंही बोलून कमी करून घेता येतं.

गोकर्णहून हंपीकडे जाणारा रस्ता अंकोला, यल्लापूर, हुबळी, गदग, कोप्पळ असा होसपेट्याला पोहोचतो. रात्रीच्या स्लीपर बसने गेलं तर दिवस वाचतो असं वाटतं. पण घाटातल्या वळणांवर गाढ झोप लागत नाही, आणि पहाटे होसपेट्याला उतरलेला माणूस दुपारपर्यंत कशाच्याच कामाचा नसतो. रात्रीची बस घ्यायचीच तर दुसरी सकाळ झोपेच्या नावावर लिहून ठेवावी. जे गोव्यातूनच आत वळणार आहेत त्यांच्यासाठी वास्कोहून हावड्याला जाणारी अमरावती एक्सप्रेस आहे. मडगावहून दूधसागर धबधब्याच्या अंगाने घाट चढून ती हुबळी आणि गदगमार्गे होसपेट्याला येते. ती रोज धावत नाही, त्यामुळे वार आधी पाहून बाकीचा बेत त्याभोवती बांधावा लागतो. पण खिडकीत बसून जंगल पाहत जायचा हा दिवस या सगळ्या प्रवासातला सगळ्यात छान विसावा ठरू शकतो.

आता हंपी. या फेरीत सर्वांत जास्त रात्री हंपीला का, ते तिचा पसारा पाहिल्यावर कळतं. १३३६ मध्ये स्थापन झालेल्या आणि १५६५ च्या तालिकोटच्या लढाईनंतर उद्ध्वस्त झालेल्या विजयनगरची ही राजधानी. १९८६ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, ते क्षेत्र सुमारे ४२ चौरस किलोमीटर आहे. एवढ्या जागेत विखुरलेली देवळं, बाजार, पुष्करिणी, हत्तीशाळा आणि राजवाड्यांचे चौथरे रिक्षावाल्याने एका दिवसात दाखवले तर शेवटी सगळे खांब सारखे दिसायला लागतात.

या थकव्याचा विचार शंभराहून अधिक वर्षांपूर्वी झालेला आहे. बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयातले बेंजामिन आइव्हज गिलमन यांनी १९१६ मध्ये संग्रहालयातल्या थकव्यावर लेख लिहिला. वाकून, मान वळवून, ताटकळत पाहणाऱ्या माणसाची छायाचित्रं घेऊन त्यांनी दाखवलं, की बरंच काही पाहणं हे शरीराचं कष्टाचं काम आहे. हंपीत तर वर ऊन असतं आणि पायाखाली तापलेला कातळ.

त्यामुळे हंपीत दिवसाचे तीन भाग करावेत: उजाडल्यापासून साडेदहापर्यंत पाहणं, दुपारी चारपर्यंत सावली, मग अंधार पडेपर्यंत पुन्हा बाहेर. पोहोचल्याच्या संध्याकाळी फक्त हेमकूट टेकडी आणि विरूपाक्षाचं देऊळ. विरूपाक्षाची पूजाअर्चा आजही चालू आहे, त्यामुळे तिथे भग्न अवशेषांत नव्हे, तर नांदत्या देवळात शिरल्यासारखं वाटतं. हंपीची ओळख तिथूनच व्हावी. दुसरा दिवस तिकिटाचा. विठ्ठल मंदिर, कमळ महालाचा परिसर आणि कमलापूरचं पुरातत्त्व संग्रहालय या तिन्हींना एकच तिकीट चालतं, पण ते त्याच दिवसापुरतं असतं. म्हणून सकाळी दार उघडताच विठ्ठल मंदिर, मग संग्रहालय, जेवण आणि विसावा, आणि उन्हं कलल्यावर कमळ महाल व हत्तीशाळा असा क्रम ठेवला तर एकाच तिकिटात तिन्ही होतात आणि दुपारही राखली जाते. संग्रहालय शुक्रवारी बंद असतं, तेव्हा हा दिवस शुक्रवारी येऊ देऊ नये.

विठ्ठल मंदिराला मराठी माणसाने जरा जास्त वेळ द्यावा. पंढरीची मूर्ती कृष्णदेवरायाने विजयनगरला आणली आणि संत भानुदासांनी, म्हणजे एकनाथांच्या पणजोबांनी, ती परत पंढरपूरला नेली, असं वारकरी परंपरा सांगते. आज त्या देवळाचा गाभारा रिकामा आहे. ही गोष्ट ठाऊक असलेला माणूस रथाजवळ फोटो काढून निघून जात नाही. तो आत जाऊन उभा राहतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी काहीही पाहू नये. हाच दिवस बेतातून सगळ्यात आधी उडवला जातो, म्हणून त्याचा आग्रह धरायला हवा. कपडे धुवायला टाकावेत, घरी निवांत फोन करावा, नदीकाठी बसावं. संध्याकाळी मातंग टेकडी चढावी. चौथ्या दिवशी नदीपलीकडचं आनेगुंदी. रामायणातली किष्किंधा ती हीच, अशी श्रद्धा आहे, आणि अंजनाद्री टेकडीवर हनुमानाच्या देवळाला जायला सुमारे ५७५ पायऱ्या आहेत; त्या उजाडताच चढाव्यात. नदी ओलांडणारी होडी संध्याकाळी लवकर बंद होते आणि धरणातून पाणी सोडलं की चालतच नाही. मग रस्त्याने लांबचा वळसा पडतो, म्हणून परतायची वेळ आधी विचारून घ्यावी. हरिगोलू या गोल टोपलीसारख्या होडीतून फिरावं, पण तुंगभद्रेत पोहायला उतरू नये. खडकांमधली ओढ वरून दिसत नाही.

जुन्या प्रवासवर्णनांत आणि ओळखीच्यांच्या आठवणींत नदीपलीकडच्या विरूपापूर गड्डी या बेटाचा उल्लेख हमखास येतो. पाठपिशवीवाले आठवडेच्या आठवडे तिथे राहत. न्यायालयाच्या निकालानंतर २०२० मध्ये तिथली राहण्याची ठिकाणं पाडली गेली. आता नदीपलीकडे राहायचं तर आनेगुंदी किंवा सनापूरच्या बाजूला, आणि अलीकडे विरूपाक्षाजवळच्या जनता प्लॉटमधल्या घरगुती खोल्यांत किंवा कमलापूरला. होसपेट्याला राहिलं तर खोल्या भरपूर, पण रोज तेरा किलोमीटर जा-ये करावी लागते, आणि दुपारी खोलीवर परतण्याची सवड राहत नाही. ज्याला दुपार राखायची आहे त्याने हंपीतच राहावं.

हंपीनंतर बदामी बरी वाटते, कारण तिचा आटोप लहान आहे. अगस्त्य तळं, त्याच्या दोन बाजूंना तांबडे डोंगर, एका डोंगरात चार लेणी. तिसऱ्या लेण्यात इसवी सन ५७८ चा चालुक्यांचा शिलालेख आहे. पहिल्यात अठरा हातांचा नटराज, चौथं लेणं जैन. तळ्याकाठी भूतनाथाचं देऊळ. पोहोचल्याच्या संध्याकाळी तळ्याला फेरी मारावी आणि लेणी दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावीत. माकडांमुळे हातात खाऊ ठेवू नये.

बावीस किलोमीटरवर पट्टदकल आणि त्याच्या पुढे ऐहोळे. दोन्ही एका दिवसात करायचा प्रघात आहे. हंपीहून येणाऱ्याने पट्टदकल निवडावं. कांचीच्या पल्लवांवर विक्रमादित्य दुसरा याने मिळवलेल्या विजयाप्रीत्यर्थ राणी लोकमहादेवीने आठव्या शतकात उभारलेलं इथलं विरूपाक्ष मंदिर वेरूळच्या कैलास लेण्याचा आदर्श मानलं जातं. वेरूळ पाहिलेल्या माणसाला इथे ओळखीची रेषा दिसते, आणि त्या एका देवळापाशी तास-दीड तास सहज जातो. ऐहोळ्याची शंभरावर देवळं त्याच दुपारी अंगावर घेतली तर पट्टदकलही पुसलं जातं. ऐहोळे पुढच्या खेपेला. बदामीजवळच्या बनशंकरीला जाणारी मराठी कुटुंबं अनेक आहेत. ती कुणाची कुलदेवता असेल तर ऐहोळ्याऐवजी संध्याकाळ तिथे द्यावी. पौषातल्या जत्रेच्या दिवसांत मात्र बदामीत खोली मिळणं अवघड होतं. जेवायला खानावळीत जावं. ज्वारीची भाकरी, भरलं वांगं, शेंगदाण्याची चटणी आणि दही पानात आल्यावर बाहेरचं खाऊन कंटाळलेल्या पोटाला घर जवळ आल्याचं कळतं.

आरक्षणाबाबत दोन टोकं पक्की आणि मधलं मोकळं हे धोरण ठेवावं. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण साठ दिवस आधी खुलं होतं. जाण्याची आणि परतीची तिकिटं तेव्हाच काढावीत. पहिल्या गावातली आणि शनिवार-रविवारी येणाऱ्या मुक्कामांतली खोलीही ठरवावी. बाकीच्या खोल्या आधीच पैसे भरून अडकवल्या, की गोकर्णात एक दिवस जास्त राहावंसं वाटलं तरी राहता येत नाही. चौदा रात्रींखेरीज एक रात्र नाव न लावता ठेवावी. ताप आला, बस चुकली किंवा एखादं गाव आवडलं तर ती कामी येते. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं आणि गाड्या हळू धावतात, त्यामुळे त्या दिवसांत एका गाडीतून उतरून लगेच दुसरी पकडायचा बेत करू नये.

सॅकचं वजनही या हिशेबात येतं. सात-आठ किलोंची सॅक घेऊन माणूस स्टँडवरून चालत खोली शोधतो. चौदा-पंधरा किलोंची असेल तर समोर आलेल्या पहिल्या रिक्षात बसतो आणि पहिल्या लॉजवर उतरतो. चार दिवसांचे कपडे आणि साबणाची वडी एवढं पुरतं, कारण तीन-तीन रात्रींच्या मुक्कामात धुतलेलं वाळतं.

दोघं-तिघं मिळून निघालेले असतील तर प्रत्येकाची पाहण्याची भूक वेगळी असते. एकाला प्रत्येक खांबावरचं शिल्प पाहायचं असतं, दुसऱ्याचं तासाभरात पोट भरतं. दोघांनी एकमेकांच्या वेगाने चालायचा प्रयत्न केला की दोघंही वैतागतात. हंपीतली एक सकाळ आणि गोकर्णातली एक दुपार वेगवेगळी घालवायची असं निघण्याआधीच ठरवावं, म्हणजे कुणी रागावल्यासारखं वाटत नाही. आणि थकवा ओळखायलाही शिकावं. दहा रुपयांवरून रिक्षावाल्याशी वाद व्हायला लागला, फोटो काढले जातात पण नंतर कुठले ते आठवत नाही, सकाळी सॅक भरायचा कंटाळा येतो, अशी चिन्हं दिसली की पुढचं गाव वगळून आहे तिथे आणखी एक रात्र राहावं.

विजापूरला सकाळी पोहोचणारी गाडी घ्यावी आणि सॅक स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवावी; ती विनाकुलपाची घेत नाहीत, म्हणून चेनला लावायला छोटं कुलूप जवळ असू द्यावं. गोलघुमट उघडल्या उघडल्या गाठावा. १६५६ मध्ये पूर्ण झालेल्या या मुहम्मद आदिलशहाच्या थडग्याच्या घुमटाखालच्या सज्ज्यात हलकी कुजबुजही पलीकडच्या टोकाला ऐकू येते, पण डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली आल्या की आरडाओरड्यात ती ऐकू येत नाही. मग न्याहारी, दुपारी इब्राहीम रोजाच्या आवारातल्या झाडाखाली बैठक, आणि संध्याकाळी स्टेशन. परतीचं तिकीट रविवारी सकाळी नव्हे, शनिवारी सकाळी घरी पोहोचेल असं काढावं. कपडे धुवायला, फोटो नीट लावायला आणि स्वतःच्या अंथरुणात दोन रात्री झोपायला मिळून मगच सोमवार उजाडावा.